पावसाशिवाय भरणारा पुनर्भरण खड्डा

जलव्यवस्थापनाची कामं करताना कोरडे पडलेले पुनर्भरण खड्डे, म्हणजे पावसाचं पाणी जमिनीत मुरवण्यासाठी खोदलेले खड्डे, मी बरेच पाहिले आहेत. या महाविद्यालयाची अडचण उलटी होती. त्यांचा खड्डा बारा महिने भरलेला असायचा, आणि म्हणून शेजारी दुसरा खोदायचा त्यांचा विचार होता. आराखडा तपासायला मला बोलावलं होतं.

परिसर मन लावून बांधलेला होता. वर्गांत वारा खेळावा अशी इमारतींची ठेवण, रस्त्यांवर सलग काँक्रीटऐवजी फटी ठेवून बसवलेले पेव्हर ब्लॉक, वसतिगृहाच्या गच्चीवरचं पावसाचं पाणी गाळून थेट जमिनीत. प्राचार्य स्वतः खड्डा दाखवायला आले. "बघा मॅडम, भर उन्हाळ्यातही पाणी आहे. भूजल वर आलंय." त्यांना वाटणारा अभिमान खरा होता. पण मला तिथे काहीतरी खटकत होतं. भूजल एवढं वर आलं असतं, तर त्याच आवारातल्या बोअरचा पंप अधूनमधून हवा ओढत नसता.

गाळणीच्या कुंडावरचं झाकण काढायला सांगितलं. दगडगोटे ओले, कडेला हिरवं शेवाळ, आणि गच्चीवरून येणाऱ्या पाइपातून पाण्याची धार सुरू! कित्येक दिवसांत पावसाचा थेंब नव्हता, सुट्टी असल्यामुळे वसतिगृहही रिकामं.

बॅगेत क्लोरिन तपासायची किट असतेच. धारेखाली नळी धरली, क्लोरिन असेल तर पाणी पिवळं करणाऱ्या ऑर्थोटोलिडीनचे थेंब टाकले, आणि पाणी पिवळसर झालं. पावसाच्या किंवा भूजलाच्या पाण्यात क्लोरिन नसतं. हे पाणी कुणीतरी शुद्ध करून टाकीत भरलेलं होतं.

आम्ही गच्चीवर गेलो. पंप सांभाळणारे काका पुढे. एका टाकीचा बॉलकॉक, म्हणजे टाकी भरली की तरंगून वर येणारा आणि पाणी बंद करणारा नळ, पाण्यात बुडालेला दिसला. त्याचा पोकळ गोळा चिरून आत पाणी शिरलं होतं. तो वर येईना, म्हणून व्हॉल्व्ह बंद होईना. एवढं बिघडणं नेहमीचंच, पाच मिनिटांचं काम. खरी गोम पुढे होती. टाकीचा ओव्हरफ्लोचा पाइप पावसाच्या पाइपाला जोडला होता. भिंतीवर ओघळ येऊ नयेत म्हणून कधीतरी केलेली ही जोडणी. ओव्हरफ्लोचं पाणी अंगणात पडलं असतं, तर पहिल्याच दिवशी कुणीतरी ओरडलं असतं. इथे ते गुपचूप खड्ड्यात जात होतं आणि जलसंधारण म्हणून मोजलं जात होतं.

म्हणजे बोअरमधून उपसायचं, क्लोरिन घालायचं, उंच टाकीत चढवायचं, तिथून गच्चीवरच्या टाकीत सोडायचं आणि पुन्हा जमिनीत. खड्ड्यात सोडलेलं पाणी त्याच बोअरला परत मिळेल याचीही खात्री नसते. ते खडकातल्या भेगांनी वाट मिळेल तिकडे जातं.

मी धारेखाली बादली लावली. १० लिटर भरायला ५० सेकंद. तासाला ७२० लिटर, दिवसाला १७,००० च्या वर. १,००० चौरस मीटर गच्चीवर २० मिलिमीटर पाऊस पडला आणि त्यातलं ८५ टक्के पाणी हाती लागलं, तर १७,००० लिटर मिळतात. एवढं पाणी इथे रोज वाहत होतं, तेही विजेवर चढवलेलं. १ घनमीटर पाणी १०० मीटर उचलायला कमीत कमी ०.२७ युनिट लागतात. पंपाची कार्यक्षमता ५० टक्के धरली की दुप्पट.

प्राचार्य बराच वेळ त्या आकड्यांकडे बघत राहिले. मग एकच प्रश्न विचारला, "हे आम्हाला आधी कसं कळलं असतं?" मला तो प्रश्न फार आवडला. उत्तर साधं आहे: रात्री सगळे झोपल्यावर मीटर बघायचा आणि पहाटे पुन्हा बघायचा. टाक्या भरलेल्या असताना मीटर फिरत असेल, तर पाणी कुठेतरी जातंय. पण इथे अख्ख्या आवाराला एकच मीटर होता, आणि एकाच मीटरवरून पाणी कुठल्या इमारतीत जातंय ते सापडत नाही. संडासाच्या फ्लश टाक्यांची झिरपणारी रबरं तर आवाजही करत नाहीत. टाकीतल्या पाण्यात रंग टाकून तो संडासाच्या भांड्यात उतरतो का पाहिलं, तरच ती सापडतात.

दुसऱ्या खड्ड्याचं काम त्यांनी थांबवलं आणि तो खर्च प्रत्येक इमारतीच्या मीटरकडे वळवला. ओव्हरफ्लोचा पाइप तोडून मुख्य दरवाजाच्या बाजूला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल असा काढला. भिंतीवर ओघळ आले तर येऊ देत, असं प्राचार्यच म्हणाले. रात्रीच्या नोंदी विद्यार्थ्यांनी घ्यायच्या ठरलं. आपल्या इमारतीचं पाणी मोजणारा विद्यार्थी कुठल्याही फलकापेक्षा जास्त शिकतो, असं माझं ठाम मत आहे.

धार थांबल्यावर कुंड कोरडं झालं, तेव्हा वाळूच्या थरावर चिकट गाळाची साय धरलेली दिसली. सततच्या ओलीमुळे ते कुंड कुणी साफच केलं नव्हतं. जोराचा पाऊस आला असता तर गच्चीवरचं निम्मं पाणी आत न मुरता वरूनच वाहून गेलं असतं. काकांनी माणसं लावून वाळू काढली, धुतली, आणि पाऊस सुरू व्हायच्या आत पुन्हा भरली.