१७ नंबर सापडला, पण रेकॉर्डिंग डीजेने खाल्लं

मंडळी, गेल्या अपडेटला लिहिलं होतं की धुळवडीच्या तीन दिवसांत १७ नंबरचा (माझ्या एका रेकॉर्डिंगमध्ये गाणाऱ्या, ओळख न पटलेल्या पक्ष्याचा) निकाल लागला नाही तर फाइल डिलीट मारणार आणि परत त्याचं नाव काढणार नाही. निकाल लागलाय. म्हणजे पाऊण लागलाय. सांगतो.

गुरुवारी १३ मार्चला ऑफिसातून तडक स्वारगेट, भोरची एसटी, आणि नेहमीप्रमाणे मावशीकडे, भाटघरच्या पाण्याच्या कडेला. होळी पेटली, पुरणपोळी झाली, पोरांबरोबर रीतसर बोंबही मारून झाली, आणि साडेदहाला मी रेकॉर्डर घेऊन बांधावर, कारण पौर्णिमेच्या चांदण्यात रातवा हमखास बोलतो. बोललाही, चक्-चक्-चक् करत, पण खरी लॉटरी साडेअकराला लागली. पावशा! माझा या सीझनचा पहिला. "पेरते व्हा, पेरते व्हा", दर खेपेला एकेक पट्टी वर, आणि आता याचा गळा फाटणार असं वाटतं तिथे एकदम गप्प, परत खालून सुरुवात. साडेचार मिनिटं, ना कुत्रं भुंकलं ना बाइक गेली. सकाळी मावशीला ऐकवलं तर म्हणाली, "याला कुणीतरी सांगा रे, आत्ता कुठे हरभरा काढून झालाय."

रात्रीची फाइल स्वच्छ आली त्याचं अर्धं श्रेय नव्या डेडकॅटला, म्हणजे वारा अडवायला माइकवर घालायच्या केसाळ कव्हरला. ऑनलाइन मागवलेल्या जुन्या डेडकॅटचे केस महिन्याभरात गळायला लागले होते, दर वेळी माइकवर दोन-चार चिकटलेले, शेवटी रविवार पेठेतून टेडीबेअरचं कापड आणलं आणि आईने अर्ध्या तासात शिवून दिलं. (हातात धरून म्हणाली, "हे काय मेलेलं मांजर घेऊन फिरतोस?" मी नाव सांगितलेलं नव्हतं, शपथ.) केस लांब हवेत आणि मागचं कापड विरळ हवं, म्हणजे वारा केसांत अडकतो आणि आवाज आत जातो. जाड अस्तराचं कापड घेऊ नका, वरचे सूर मरतात. दुकानात फुंकर मारून बघा, पलीकडे लागली तर घ्या. दुकानदार विचित्र बघतो, बघू दे.

आता १७.

ज्यांनी आधीचं वाचलं नाही त्यांच्यासाठी एवढंच, की फेब्रुवारीत मावशीच्या गावच्या ओढ्याकाठी घेतलेल्या फाइल नंबर १७ मध्ये एक ५० सेकंदांचं गाणं आहे. पहिल्यांदा कोतवालाची करकर, मग बुलबुलासारखे दोन-तीन गोल सूर, मग एक चिवचिवाट, आणि शेवटी शिक्र्याची (छोटा शिकारी पक्षी) टि-टू, टि-टू. आवाजावरून पक्षी ओळखणाऱ्या ॲपने त्याच ५० सेकंदांना चार नावं दिली, चारही ठसक्यात. गंमत म्हणजे चारही पक्षी त्या ओढ्यावर आहेतच, त्यामुळे खोटं ठरवायलाही जागा नाही. माझी पहिली थिअरी होती की एकाच झाडावर चौघं बसलेत, पण शिक्रा आणि बुलबुल एका फांदीवर बसून जुगलबंदी करतील हे मलाच पटेना. स्पेक्ट्रोग्राम (आवाजाचा आलेख) काढला तर दोन तुकड्यांच्या मध्ये फट जेमतेम पाव सेकंदाची, आणि चारही तुकड्यांचा जोर सारखा, म्हणजे एकाच अंतरावरून आलेले. एकच गळा. नकल्या.

नकल्या म्हटलं की भृंगराज (कोतवालाचाच भाऊबंद), सगळ्यांचं पहिलं उत्तर तेच. पण तो दाट ओल्या जंगलातला गडी, इथे ओढ्याला बोडकी झाडं, आणि शेपटीला दोन पिसं लोंबतायत असा पक्षी मला तीन वीकेंडमध्ये दिसू नये? आपले सर (वीस वर्षं पक्षी बघतायत, मी तीन) म्हणाले, "अरे, साधा कोतवालच आहे, तोही नकला करतो, शिक्र्याची तर हमखास." हेही खरं आहे. मी जवळजवळ मान्य करून टाकलं होतं, पण ते गोल सूर कोतवालाच्या गळ्यातून येणं मनाला पटत नव्हतं. कोतवाल नक्कल करतो तेव्हाही त्याची खरखर लपत नाही, असं आपलं माझं मत.

शुक्रवारी धुळवड. पावणेसहाला ओढ्यावर पोचलो, पॅराबोला लावला. (आवाज गोळा करणारी ५० सेंटिमीटरची प्लास्टिकची थाळी, बोहरी आळी. कुणीतरी विचारलं होतं की भारद्वाज याने का चांगला येत नाही. आवाजाची लाट थाळीपेक्षा मोठी असली की थाळीचा उपयोग शून्य. ३४३ भागिले अर्धा मीटर म्हणजे साधारण ७०० हर्ट्झ, त्याच्या खालचं सगळं थाळीला दिसतच नाही. भारद्वाजाचा हुप-हुप त्याच्या खाली. तांबट अगदी काठावर.) दयाळ सुंदर आला, तांबट ३० सेकंदांत ५३ टुक, हळद्या दोनदा. आणि आठ वाजता गावात डीजे लागला.

पाण्यावरून आवाज कसा येतो माहितीये ना, अख्खं गाव कानात. मला वाटलं हाय-पास लावून काढून टाकू, ३०० च्या खालचं सगळं छाटलं की बेस जातो. बेस गेला हो, पण गाणारी बाई, टाळ्या आणि पोरांच्या शिट्ट्या राहिल्या, आणि त्या नेमक्या एक ते चार किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, जिथे आपले पक्षी गातात. ते छाटायचं तर पक्षीही जातो. तासभर हेडफोन लावून दात-ओठ खात बसलो, शेवटी सगळं बॅगेत कोंबलं आणि चिडून एका पळसाखाली जाऊन बसलो, नुसती दुर्बीण घेऊन. आजवर मी आवाजामागे चालत होतो, एका जागी अर्धा तास कधी बसलोच नव्हतो हे तेव्हा लक्षात आलं.

पळस काय फुललाय यंदा. पानं तीन वगैरे सोडा, या घडीला पान एकही नाही, काळ्या वाकड्या फांद्या आणि त्यावर नुसता केशरी जाळ. कळ्यांचे देठ काळपट मखमली, बोट फिरवलं तर मांजराच्या कानासारखे लागतात, आणि फुलाची ती पोपटाच्या चोचीसारखी वाकडी पाकळी. एक खाली पडलेलं फूल उचलून पिळलं तर तळहातावर पाण्यासारखा पातळ रस आला, चव किंचित गोड, मागून तुरट. त्या रसासाठी वर बाजार भरलेला. पळसमैनांचा थवा भांडत होता, शिंजीर, लालबुडे बुलबुल, दोन कोतवाल, एक खार. आपल्याकडे वसंतातली रानफुलं मान वर करून बघायची असतात हे पुण्याच्या टेकडीवर मार्चमध्ये गवतात फुलं शोधणाऱ्यांना मी दर वर्षी सांगतो. खाली बघायची फुलं ऑगस्ट-सप्टेंबरात.

तर त्या बाजारात एक हिरवा पक्षी. एकदम गडद पोपटी, बुलबुलाएवढा, तोंडाला काळा मुखवटा आणि गालावर जांभळट निळी रेघ. जर्डनचा पर्णपक्षी. जुनी माणसं हिरवा बुलबुल म्हणतात तो. एरवी हा पानात बसला की दहा फुटांवरून दिसत नाही, आणि इथे पानच नसलेल्या झाडावर, केशरी फुलांत, भर उन्हात हिरवा! एका फुलात चोच घातली, बाहेर काढली, कपाळावर परागांची पिवळी पावडर, त्यामुळे क्षणभर वाटलं हा सोनेरी कपाळाचा दुसरा पर्णपक्षी, पण त्याने फांदीवर डोकं घासलं आणि पिवळं निघून गेलं. मग मान उंचावून सुरू झाला. कोतवाल. बुलबुल. चिवचिवाट. मी दुर्बिणीतून त्याचा गळा हलताना बघतोय, चोच उघडतेय-मिटतेय, आणि मागून गावातून "आवाज वाढव डीजे" म्हणून पोरं ओरडतायत.

बॅगेतून रेकॉर्डर काढून चालू करेपर्यंत साहेब उडाले. शेवटचे ११ सेकंद मिळाले, त्यात पक्षी दोन टक्के आणि ढोल अठ्ठ्याण्णव. तरी फाइल ठेवलीय. डिलीट करवत नाही.

शनिवारी साडेपाचला त्याच झाडाखाली. गाव झोपलेलं, रंग खेळून दमलेलं. या वेळी पॅराबोला नाही, माइक सरळ खालच्या फांदीला बांधला, गेन (रेकॉर्डिंगची पातळी) मुद्दाम कमी (पळसमैनांनी एकदम कल्ला केला की आवाज फाटतो, हे गेल्या वर्षी शिकलोय), आणि मी वीस पावलं मागे बसलो. सात दहाला आला. ५२ सेकंदांचा टेक, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, काचेसारखा. घरी १७ च्या शेजारी लावून बघितला, झेनो-कँटोवरची (पक्ष्यांच्या आवाजांची वेबसाइट) जर्डनची पाच-सहा रेकॉर्डिंगं पण शेजारी ठेवली. बुलबुलाचे गोल सूर तंतोतंत तसेच, करकर तशीच, मधली फट तेवढीच. सरांना पाठवलं, त्यांचं उत्तर: "बरं." सरांकडून एवढं म्हणजे खूप झालं.

मग पाऊणच का, तर या टेकमध्ये शिक्रा नाहीये. रविवारीही दोन तास बसलो, दोनदा गायला, पण शिक्रा नाहीच. म्हणजे १७ च्या शेवटी जे टि-टू आहे ते त्याचंच की खरा शिक्रा नेमका त्याच क्षणी बोलला, हे अजून सुटायचंय. जोर सारखा आहे म्हणून मी म्हणतो त्याचंच. पण म्हणणं वेगळं आणि टेक वेगळा.

बेत असा होता की पाडव्याला परत जायचं, ३० मार्चचा रविवार आणि सोमवारी ईद, दोन दिवस सलग मिळतात. पण तोवर पळस झडलेला असेल, पालवी फुटायला लागेल, आणि हा गडी पुन्हा पानात गायब. पांगारा बघू म्हटलं तर ओढ्यावरचा पांगारा आत्ताच संपत आलाय, बहाव्याला अजून महिना. हे लिहिता लिहिता आठवलं, मावशीच्या परसातल्या आंब्यावर बांडगूळ आहे, दोन मोठे झुबके, आणि नळीसारखी फुलं लागलेली मी रविवारी स्वतः बघितली. पर्णपक्ष्याला बांडगुळाची फुलंही आवडतात आणि फळंही. म्हणजे ओढ्यावर जायचंच नाही! माडीच्या खिडकीतून माइक सोडायचा, पॉवर बँक लावायची आणि पहाटेपासून रेकॉर्डर चालू ठेवून खाली चहा पीत बसायचं. एकच भीती, काका दर वर्षी पाडव्याच्या आधी आंबा साफ करतात.

लगेच फोन लावला. "काका, ते बांडगूळ पाडव्यापर्यंत तोडू नका."

"अरे, झाड खातंय ते. मोहोर बघ किती कमी आलाय यंदा."

"दोन आठवडे फक्त. एक पक्षी येतो त्यावर."

बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "खिडकीकडचा झुबका ठेवतो. दुसरा उद्या जाणार."

खिडकीकडचाच हवा होता.