आमची वाटचाल: बिननावाच्या बोन्सायची दुरुस्ती

आमच्या फर्मची सुरुवात झाडं विकण्यापासून झाली नाही. इतरांनी विकलेली झाडं वाचवणं, हे आमचं पहिलं काम. धाकटी बहीण उद्यानविद्या शिकलेली, मी हिशेबात बरा. एक शेड, एक लांब टेबल आणि ‘आजारी बोन्साय आणून द्या’ अशी पाटी, एवढ्यावर दुकान उघडलं.

लोक आणू लागले. कुणाला भेट मिळालेलं, कुणाच्या ऑफिसच्या टेबलावरचं. प्रत्येकाचा प्रश्न ठरलेला: ‘याला किती दिवसांनी पाणी घालायचं?’ आम्ही उलट विचारायचो, ‘झाड कुठलं आहे?’ त्यावर उत्तर यायचं, ‘बोन्साय.’ कुंडीवरच्या चिठ्ठीतही तेवढंच छापलेलं. उथळ कुंडीत बसवलं की सगळ्या झाडांचं आडनाव एक होतं, अशी विकणाऱ्यांची समजूत असावी.

त्यामुळे झाड ओळखणं हाच आमच्या धंद्याचा पाया ठरला. पान तोडल्यावर पांढरा चीक आला तर ते फायकस, म्हणजे वड-पिंपळाच्या गटातलं, बहुतेक वेळा नांदरुक. घरात नवख्या माणसाने सांभाळावं असं हेच झाड. कडेला बारीक दाते असलेलं छोटं पान आणि देठाशी त्याच्या दोन बाजू किंचित वरखाली, हा चिनी एल्म. जाड, पाणीदार पानं असली तर जेड किंवा पोर्चुलकॅरिया. समोरासमोर जोडीने येणारी बारीक पानं आणि छाटताच घाण वास, ही सेरिसा. नखरेल झाड आहे. जागा बदलली तरी रुसतं.

सगळ्यात जास्त गोंधळ कार्मोनाचा. पान गडद, चकचकीत, टोकाशी खाचा; पण बोट फिरवलं तर खरखरीत लागतं आणि वर बारीक पांढरे ठिपके दिसतात. हे ठिपके म्हणजे रोग समजून लोक बुरशीनाशक मारतात. ते पानाचेच असतात, कितीही फवारा, जात नाहीत. किडीची शंका असेल तर पान उलटं करून बघावं. देठाच्या बेचक्यात कापसासारखं काही दिसलं तर पिठ्या ढेकूण, बारीक जाळं दिसलं तर कोळी नावाची बारीक कीड.

नंतर विक्री सुरू केली तेव्हा घाऊकवाल्यांचा आग्रह ज्युनिपर या सूचिपर्णी झाडाचा होता. लोकांच्या डोक्यातलं बोन्सायचं चित्र तेच, त्यामुळे खपतं. पण ते घराबाहेरचं झाड. त्याला उघड्यावरचं ऊन लागतं आणि थंडीतली विश्रांतीही. घरात ते हळूहळू मरतं, आणि मेल्यावरही कित्येक आठवडे हिरवं दिसतं. मालक बिचारा मेलेल्या झाडाला पाणी घालत राहतो. टेबलावर ठेवायला म्हणून कुणी मागितलं तर आम्ही ज्युनिपर देत नाही. गिऱ्हाईक परत गेलं तरी चालेल, असं आम्ही दोघांनी ठरवलं. काही जण जातातही.

पाण्याचं वेळापत्रक आम्ही कुणालाच देत नाही. मातीत बोट घालून बघा. वरचा सेंटीमीटरभर थर कोरडा लागला की तळाच्या भोकांतून पाणी वाहेपर्यंत घाला. जेडची माती मात्र त्याहून बरीच जास्त सुकू द्या. बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. पण तयार विकत घेतलेल्या कुंडीत बोट जाईल तर ना! वरचे खडे अनेकदा गोंदाने चिकटवलेले असतात आणि पाणी त्यावरून घरंगळून बाहेर जातं. बहीण ते चिमट्याने एकेक उचकटते. खाली निघतो तो कोकोपीटचा (नारळाच्या काथ्याच्या भुशाचा) किंवा चिकणमातीचा घट्ट गोळा, वरून ओलसर आणि आत ठणठणीत कोरडा. अशी कुंडी पाण्याच्या टबात बुडवून बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायची, आणि हंगाम आला की माती बदलायची.

उजेडाबाबत मात्र वाद घालावा लागतो. खोली आपल्या डोळ्यांना उजळ वाटते. खिडकीपासून दोन मीटर आत झाडाच्या वाट्याला त्यातला थोडाच भाग येतो. फांद्या लांबट, पानं विरळ, ही त्याची खूण. झाड खिडकीला टेकवून ठेवा, नाहीतर एलईडीचा ग्रो लाइट, म्हणजे झाडं वाढवायचा दिवा, १२ ते १४ तास लावा. एसीच्या झोतात ठेवू नका. जागा बदलल्यावर फायकसने पानं गाळली तर घाबरून पाणी वाढवू नका, नवी फूट येते.

धंदा म्हणून बघाल तर दुरुस्तीत फारसं सुटत नाही. आधार आहे तो सुट्टीत झाडं सांभाळायला घेण्याचा आणि पुनर्लागवडीचा. साधारण २ ते ३ वर्षांनी माती बदलायची आणि मुळांचा एक तृतीयांशापर्यंत भाग छाटायचा. हे काम वाढीचा हंगाम सुरू होतानाच करायचं असल्याने सगळ्यांची झाडं एकदम येतात आणि टेबल पुरत नाही.

हल्ली बरेच जण आधी फोटो पाठवतात. पूर्ण झाडाचा फोटो ओळखायला फारसा उपयोगी पडत नाही. पानाची वरची बाजू, खालची बाजू, पान फांदीला जुळतं ती जागा आणि बुंधा, असे चार फोटो जवळून काढा. बहुतेक वेळा नाव सांगता येतं. ज्युनिपर निघालं तर आमचं उत्तर छोटं असतं: बाहेर काढा, पहिले काही दिवस आडोशाला ठेवा, मग उन्हात.