गॅस बंद आहे, पण डोकं ऐकत नाही

मला ओसीडी आहे, म्हणजे नको ते विचार डोक्यातून जात नाहीत आणि तेच ते पुन्हा पुन्हा तपासल्याशिवाय राहवत नाही असा मानसिक आजार. ओसीडी म्हटलं की लोकांना वाटतं हिला टापटीप लागत असेल, पण माझ्या ओट्यावर कायम पसारा असतो. माझं असं की रात्री रेग्युलेटर बंद केला, चाचपला, मोबाइलवर फोटो काढला, तरी पाठ टेकली की पोटात गोळा, आणि फोटो बघून दोन मिनिटं बरं वाटतं मग वाटतं हा कालचा तर नाही ना.

गॅस परवडला एकवेळ. भाचा शेजारी खेळत होता, मी विळीवर मेथी चिरत होते आणि डोक्यात आलं, याला ढकललं तर? घामच फुटला. विळी माळ्यावर टाकली, महिनाभर त्याला जवळ घेतलं नाही, कारण विचार आला म्हणजे मी तशीच असणार असंच वाटायचं. मग डॉक्टर म्हणाले, रॅकमन आणि डी सिल्वा या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ मध्येच दाखवलंय की असले नको ते विचार धडधाकट माणसांनाही येतात. मी तिथेच रडले.

आता इआरपी नावाचा उपचार चालू आहे, म्हणजे भीती येऊ द्यायची पण चेक करायचं नाही. काल विळी खाली काढली. भाचा शेजारीच होता, हात थरथरत होते, पण मेथी पूर्ण चिरली.