परत आणलेलं विमान

१९७१च्या डिसेंबरात मी नववीत होतो. ब्लॅकआउटमुळे घरोघरी खिडक्यांना काळे कागद लावलेले, आणि शाळेच्या फळ्यावर आमचे सर रोज सकाळी आकाशवाणीच्या बातम्या लिहायचे. त्या फळ्यासमोरच माझं विमानदलात जायचं ठरलं. वैमानिक झालो नाही. अकरावीनंतर एअरमन म्हणून भरती झालो, बेळगावजवळ सांबऱ्याला प्रशिक्षण घेतलं आणि नोकरीभर एअरफ्रेम फिटर म्हणून विमानांचे पत्रे सांधले.

ऑगस्ट २०२५मध्ये विमानदलाचे जुने वैमानिक ग्रुप कॅप्टन दिलीप पारुळकर गेले. त्यानंतर मुख्याध्यापिकाबाईंनी मला त्यांच्याविषयी मुलांशी बोलायला बोलावलं. मुलांना हवी होती ती सुटकेची गोष्ट. सांगितली. १० डिसेंबर १९७१ला त्यांचं सुखोई-७ लढाऊ विमान पडलं, ते पाकिस्तानात युद्धकैदी झाले. ऑगस्ट १९७२मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून सोबतचे कैदी वैमानिक ग्रेवाल आणि हरीश सिंहजी यांच्यासह ते निसटले. पेशावरच्या पुढे लंडी कोतलपर्यंत पोचले, अफगाण सरहद्द हाकेच्या अंतरावर आली. तिथे त्यांनी लंडी खाना या स्टेशनची चौकशी केली. त्या स्टेशनची गाडी १९३२लाच बंद झालेली! लोकांना संशय आला आणि तिघे पकडले गेले. मला आजही हळहळ वाटते.

पण मला मुलांना सांगायचं होतं ते १९६५चं. त्या युद्धात पारुळकरांच्या विमानाला जमिनीवरून गोळ्या लागल्या, एक त्यांच्या उजव्या खांद्याला लागली. तुकडीच्या लीडरने सांगितलं, इजेक्ट कर, म्हणजे विमान सोडून बाहेर उडी घे. तो सल्ला चुकीचा नव्हता. विमान दुसरं मिळतं, तयार वैमानिक घडायला वर्षं जातात. पारुळकरांनी विमान सोडलं नाही. तळावर आणून उतरवलं. त्यासाठी त्यांना वायुसेना पदक मिळालं.

मी मुलांना म्हटलं, उजवा खांदा म्हणजे काय ते नीट समजून घ्या. लढाऊ विमानाची स्टिक, म्हणजे ते चालवायचा दांडा, उजव्या हातात असते. नाक वर-खाली करायचं, पंख कलते करायचे, सगळं त्याच हाताने. आणि उतरताना तर तो हात क्षणभरही स्थिर नसतो. रक्त वाहत असताना तोच हात चालवायचा, तेही जखमी विमानात. आम्ही फिटर मंडळी तळावर थांबून विमानं मोजायचो. गेलेलं प्रत्येक परत येईपर्यंत घशाखाली चहा उतरायचा नाही. म्हणून मला हे पदक सुटकेच्या साहसाहून मोठं वाटतं.

शेवटच्या बाकावरून एक मुलगी उठली. "आजोबा, विमानाला पडलेली भोकं बुजवतात कशी?"

इतक्या वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. मी खडू घेतला. भोकाच्या फाटक्या कडा आधी कापून गोल करायच्या, म्हणजे तडा पुढे सरकत नाही. मग आतून पत्र्याचं ठिगळ लावायचं आणि कडेने ओळीत रिव्हेट, म्हणजे पत्रे सांधणारे धातूचे खिळे, ठोकायचे. घंटा होईपर्यंत आम्ही रिव्हेटवरच बोलत होतो.