जुनी ओळ खोडून का टाकत नाही

"ही ओळ जुनी झाली हे तुम्हालाच ठाऊक आहे, मग खोडून का टाकत नाही?" नागपुरातले केबलवाले हे विचारतात, हिंगण्याच्या एमआयडीसीत कारखान्यांचं नेटवर्क सांभाळणारे विचारतात, आणि शिकायला येणारी इंजिनिअरिंगची मुलं पहिल्याच आठवड्यात विचारतात. रोख असतो आमच्या राउटर-मॅन्युअलवर, म्हणजे ओपनडब्ल्यूआरटी (राउटरमध्ये चालणारं मुक्त सॉफ्टवेअर) आणि एफआरआर (नेटवर्कमधल्या वाटा ठरवणारं सॉफ्टवेअर) चालवणाऱ्या मशीनसाठी मी सांभाळत असलेल्या पानांवर. तिथे एकाच कामाच्या दोन-दोन, कधी तीन रीती शेजारी शेजारी दिसतात. कुणाला तो आळस वाटतो, कुणाला भित्रेपणा. आजवर "जुनी मशीन आहेत ना अजून" एवढंच सांगून वेळ मारून नेली. आता नीट सांगतो.

आधी एक गोष्ट मान्य करा. राउटरच्या मॅन्युअलमधली ओळ नुसती बरोबर किंवा नुसती चूक नसते. ती कुठल्या तरी व्हर्जनवर, कुठल्या तरी चिपवर बरोबर असते. ओपनडब्ल्यूआरटीच्या १९.०७ मध्ये नेटवर्क फाइलच्या वॅन, म्हणजे बाहेरच्या इंटरनेटच्या बाजूच्या, विभागात पोर्टचं नाव 'आयएफनेम' या ऑप्शनमध्ये लिहायचं. सप्टेंबर २०२१ मध्ये २१.०२ आलं आणि त्याच ऑप्शनचं नाव 'डिव्हाइस' झालं. ब्रिजच्या, म्हणजे अनेक पोर्ट एकत्र जोडणाऱ्या, विभागात 'आयएफनेम'च्या जागी 'पोर्ट्स' आलं. पण २१.०२ ने जुनं लिखाण मोडीत काढलं नाही. 'आयएफनेम' लिहिलेली फाइल त्याला समजते, ब्राउझरमधलं लूसी हे पान उघडलं की नव्या मांडणीत बदलून देऊ का असं ते विचारतं. उलट बाजूला ही सोय नाही. १९.०७ ला वॅन विभागातला 'डिव्हाइस' कळत नाही.

म्हणजे जुनी ओळ दोन्हीकडे चालते आणि दुरुस्त केलेली ओळ फक्त नवीकडे. खोडायचं म्हणता, तर यातली नेमकी कुठली खोडायची?

हे मला २०२२ च्या मे महिन्यापर्यंत कळलं नव्हतं. तोवर मॅन्युअलच्या पहिल्या पानावर मीच लिहिलेला नियम होता: एका कामाला एक पान, एका पानावर एक उत्तर. तो नियम मूर्खपणाचा नव्हता, हे आजही म्हणेन. खांबाशी शिडी लावून एका हातात मोबाइल धरलेल्या पोराला तीन पर्याय दाखवणं हा त्याच्यावर अन्याय आहे. तो पहिली चौकट बघतो, टाइप करतो, खाली उतरतो.

त्या मे महिन्यात एका स्थानिक इंटरनेट पुरवठादाराने कळमना मार्केटच्या बाजूची जोडणी नव्या व्हीलॅनवर, म्हणजे त्याच तारेतल्या वेगळ्या क्रमांकाच्या आभासी वाटेवर, न्यायची ठरवली. काम सोपं होतं. वॅन पोर्ट 'ईटीएच१' होतं, ते 'ईटीएच१.१०१' करायचं, पीपीपीओईचं, म्हणजे पुरवठादाराकडे लॉगिन करायचं, नाव आणि पासवर्ड तेच ठेवायचे. जुनी वाट अजून दोन दिवस चालू राहणार होती, म्हणजे कुणाचं एक-दोन तास राहिलं तरी हरकत नव्हती. मॅन्युअलमधलं पान १९.०७ च्या काळातलं होतं. मी ते आदल्या आठवड्यात दुरुस्त केलं होतं. 'आयएफनेम'ची ओळ काढली, त्या जागी 'डिव्हाइस'ची घातली. आणि जुना ऑप्शन फाइलमध्ये लोंबकळत राहू नये म्हणून आणखी एक ओळ जोडली: यूसीआय डिलीट, नेटवर्क, वॅन, आयएफनेम. टेबलावरच्या राउटरवर तपासलं, पहिल्या फटक्यात चाललं. तो राउटर २१.०२ वर होता.

मार्केटमधले अकरा राउटर १९.०७ वर होते, आणि त्याला कारण होतं. ४ एमबी फ्लॅश आणि ३२ एमबी रॅमची ती जुनी मशीन, आणि २१.०२ ला किमान ८ आणि ६४ लागतात. त्यांच्यासाठी वरची पायरीच नव्हती.

आता यूसीआय काय करतं ते बघा, कारण सगळं दुखणं तिथे आहे. यूसीआय म्हणजे फाइल लिहिणारा कारकून. 'डिव्हाइस' नावाचा ऑप्शन वॅनमध्ये घाल म्हटलं, त्याने घातला. 'आयएफनेम' काढ म्हटलं, काढला. कमिट म्हटलं, केलं. कुठेही एरर नाही, कारण ऑप्शनचा अर्थ तपासणं त्याच्याकडे नाहीच. अर्थ लावतो नेटआयएफडी, म्हणजे नेटवर्क चालवणारा प्रोग्राम, आणि तो फाइल वाचतो नेटवर्क रिलोड केल्यावर. १९.०७ च्या नेटआयएफडीने वॅन विभाग वाचला, त्याला पोर्टच सापडलं नाही, आणि पीपीपीओई उतरलं. हे सगळं लांबून, त्याच वॅनवरून एसएसएचने चाललं होतं. रिलोड झाल्या क्षणी आत जाण्याची वाट बंद. लूसीमधून बदल लागू केला असता, तर ठरलेल्या सेकंदांत ब्राउझर परत पोहोचला नाही म्हणून राउटरने जुनी मांडणी आपोआप परत आणली असती. यूसीआयच्या हाती कामाला ते संरक्षण नाही. पानावर मात्र यूसीआयचीच रीत होती, कारण ती कॉपी-पेस्ट करायला सोपी.

पहिला राउटर परत आला नाही तेव्हाच थांबायला हवं होतं. पण नवी वाट पकडायला थोडा वेळ लागेल अशी एक ओळ पानावर होती, तीही माझीच. म्हणून पोरगा पुढच्यावर गेला. अकरावा झाल्यावर त्याचा फोन आला: "पानावर लिहिल्यासारखंच करून राहिलो जी, एकही परत नाही आला."

दुरुस्ती प्रत्येक ठिकाणी पाच मिनिटांची होती. लॅन, म्हणजे दुकानातलं आतलं नेटवर्क, शाबूत होतं. केबल लावायची, १९२.१६८.१.१ वर एसएसएच करायचं, वॅनमध्ये 'आयएफनेम' परत 'ईटीएच१.१०१' म्हणून घालायचं, 'डिव्हाइस' काढायचं, कमिट, रिलोड. पण अकरा दुकानं, टिनाच्या छताखालचं मे महिन्यातलं नागपूर, दोन लॅपटॉप आणि त्यातल्या एकाला लॅनचं पोर्टच नाही, यूएसबी अडॅप्टर शोधण्यात पाऊण तास. एका अडतीच्या दुकानात राउटर लोखंडी पेटीत कुलूपबंद आणि किल्ली मालकासोबत कामठीला. दिवसाची बिलं हातानं लिहावी लागली. लोक रागावले, आणि त्यांचा राग योग्य होता.

पुरवठादाराच्या ऑफिसात ठपका त्या पोरावर ठेवला गेला. व्हर्जन न बघता कमांड मारली म्हणे. मी तेव्हाही सांगितलं, आज परत सांगतो: पानावर व्हर्जन लिहिलेलंच नव्हतं. जुनं पान तसंच राहिलं असतं तर अकराही राउटर नव्या व्हीलॅनवर नीट गेले असते. निदान डिलीटची ओळ मी जोडली नसती, तर ते जुन्या वाटेवर दोन दिवस चालू राहिले असते आणि आम्हाला शांतपणे कारण शोधता आलं असतं. नीटनेटकेपणासाठी घातलेल्या एका ओळीने ती सवलत काढून घेतली. नुकसान दुरुस्तीने केलं, चुकीने नाही. तेव्हापासून मी खोडत नाही.

यावर तुमचं नेहमीचं म्हणणं असतं की प्रत्येक ओळीवर व्हर्जन लिहा, संपलं. लिहितो. पण तेवढ्याने संपत नाही. २१.०२ मध्ये एमटी७६२१ चिपच्या राउटरवर डीएसए, म्हणजे पोर्ट हाताळायची नवी रीत, आलं, पोर्टची नावं 'लॅन१', 'लॅन२', 'वॅन' अशी झाली. त्याच २१.०२ मध्ये एटीएच७९ या चिपगटाची बहुतेक मशीन जुन्या स्विचकॉन्फिगवरच राहिली. आयपीक्यू४०एक्सएक्सची मशीन २३.०५ मध्ये डीएसएवर गेली. व्हर्जन एकच, पोर्टची नावं वेगळी. म्हणून आता प्रत्येक पान 'यूबस कॉल सिस्टिम बोर्ड' या कमांडने सुरू होतं. तिच्या उत्तरात रिलीजचं व्हर्जन आणि टार्गेट, म्हणजे चिपचा गट, दोन्ही दिसतात, ती दोन वाचल्याशिवाय पुढची चौकट बघायची नाही.

एफआरआरचं तर याहून अवघड. आरएफसी ८२१२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या रीती लिहिलेला दस्तऐवज) हे २०१७ चं. ते म्हणतं की ईबीजीपी शेजाऱ्याला, म्हणजे बीजीपीने रूट (वाटांची माहिती) देणाऱ्या-घेणाऱ्या दुसऱ्या नेटवर्कच्या राउटरला, पॉलिसी लावलेली नसेल तर रूट घेऊही नयेत, देऊही नयेत. एफआरआरने ७.४ पासून हे डिफॉल्ट केलं. त्याआधीच्या आमच्या पानावर 'नेबर' आणि 'रिमोट-एएस' अशा दोन ओळी होत्या. त्या दोन ओळींत काहीही बदललं नाही, तरी पान अपुरं झालं: सेशन उभं राहतं, रूट एकही येत नाही, आणि समरीत रूटच्या आकड्याच्या जागी 'पॉलिसी' असा शब्द दिसतो. घाईतला माणूस 'नो बीजीपी ईबीजीपी-रिक्वायर्स-पॉलिसी' टाकून मोकळा होतो, म्हणजे नको ते रूट बाहेर फुटणं (लीक) थांबवण्यासाठी घातलेली कडी स्वतःच काढतो. योग्य रीत म्हणजे आपले प्रीफिक्स (पत्त्यांचे गट) सांगणारी एक प्रीफिक्स-लिस्ट आणि शेजाऱ्याकडून घ्यायचे प्रीफिक्स सांगणारी दुसरी, प्रत्येकीवर वेगळा रूट-मॅप, आणि शेजाऱ्याला पहिला बाहेरच्या बाजूला, दुसरा आतल्या बाजूला लावणं. त्यात आणखी एक मेख आहे. कॉन्फिग फाइलच्या डोक्यावर 'एफआरआर व्हर्जन' अशी ओळ असते. ती ७.४ च्या आधीचा आकडा दाखवत असेल, तर सॉफ्टवेअर कितीही नवं असलं तरी ही फाइल वाचताना जुनं डिफॉल्ट लागू होतं. म्हणजे शेजारच्या दोन मशीनवर एकच एफआरआर, आणि वागणं वेगळं. इथे पानावर कुठलं व्हर्जन लिहू? सॉफ्टवेअरचं की फाइलचं? मी दोन्ही लिहितो, आणि वाचणारा गोंधळतो हेही मला दिसतं.

काही जण सुचवतात की मूळ मजकुराला हात लावू नका, चुका वेगळ्या यादीत ठेवा, आरएफसीवाले तेच करतात. खरं आहे. आरएफसी एकदा निघालं की त्याचा मजकूर बदलत नाही. चूक इराटा, म्हणजे वेगळी चूक-नोंद, म्हणून नोंदवली जाते, आणि पुढे ती मान्य, अमान्य किंवा 'पुढच्या दस्तऐवजासाठी राखून' अशा खान्यात जाते. मलाही हे फार आवडायचं. पण साधी टेक्स्ट फाइल उतरवून वाचणाऱ्याला तो इराटा दिसत नाही. जानेवारी २००६ च्या आरएफसी ४२७१ ची प्रत एखाद्याच्या लॅपटॉपवर तशीच पडलेली असते आणि त्यावरून तो बीजीपी शिकतो. कोड लिहिणाऱ्याला हे परवडेल, कळमन्यात शिडीवर असलेल्याला नाही.

आता माझ्या विरुद्धची बाजू, जी मला टाळता येत नाही. मी न खोडलेल्या ओळीनेही नुकसान केलं आहे. फायरवॉलच्या पानावर 'फायरवॉल डॉट यूजर' या फाइलमध्ये आयपीटेबल्सचे नियम लिहायची जुनी रीत मी ठेवली, खाली नवी रीत जोडली. २२.०३ पासून फायरवॉल४ आलं, ते आयपीटेबल्सवर नाही, त्याच्या जागी आलेल्या एनएफटेबल्सवर चालतं. जुन्या स्क्रिप्टला सुसंगत म्हणून खास खूण केलेली नसेल तर ते ती फाइल सोडून देतं. तशी सूचना कमांड लाइनवर फायरवॉल रीस्टार्ट केली तरच डोळ्यांसमोर येते, नुसता राउटर बंद-चालू केला तर कोण बघतो? एका ठिकाणी कॅमेऱ्यांचं नेटवर्क ऑफिसच्या नेटवर्कपासून तोडणारा नियम कुणीतरी वरच्या, म्हणजे जुन्या, चौकटीतून उचलला. फाइलमध्ये नियम व्यवस्थित होता, लागू कधीच नव्हता. कित्येक आठवडे कुणाला पत्ता नाही, कारण काहीच बंद पडलं नव्हतं. कळमन्यात सगळं दहा मिनिटांत कळलं होतं. यातलं वाईट कुठलं, मला ठरवता आलेलं नाही. त्या पानावरून जुनी रीत मी काढली, आणि काढताना माझाच नियम मोडतो आहे हे मला दिसत होतं.

सध्या पॅकेजचं पान समोर आहे. ओपनडब्ल्यूआरटीच्या विकासशाखेत नोव्हेंबर २०२४ मध्ये पॅकेज टाकणारं 'ओपीकेजी' जाऊन 'एपीके' आलं. २४.१० मात्र 'ओपीकेजी'वरच आहे. एकीकडे 'ओपीकेजी इन्स्टॉल', दुसरीकडे 'एपीके अ‍ॅड'. इथे चुकीची कमांड मारली तर ती सापडत नाही असं राउटर तिथल्या तिथे सांगतो, काही लिहीत नाही, काही तोडत नाही. वॅनच्या ओळीसारखी ती वाट बंद करत नाही, फायरवॉलच्या ओळीसारखी गप्पही बसत नाही. या पानापुरती तुमची सूचना मान्य करून जुनी ओळ खोडायला खरं तर हरकत नसावी. पण गेल्या आठवड्यात नव्या पोराने कच्चं पान बघून विचारलं, "सर, वरचं मारू का खालचं?" आणि त्याच्यासमोरच्या मशीनवर २४.१० होतं, म्हणजे त्याच्या कामाची ओळ जुनीच होती. दोन्ही ओळी अजून पानावर आहेत. वर कुठली ठेवायची तेवढं राहिलं आहे.