अडकित्ता आणि जग्वार

चंचीतून अडकित्ता काढलेला जाणता माणूस सुपारी कधी पात्याच्या टोकाशी धरत नाही. टोकाशी धरली की ती सटकन उडून बाजेखाली जाते. तीच खिळ्याकडं सरकवली की तेवढ्याच जोरात कटकन फुटते. अडचण एकच, खिळ्याजवळ फट लहान, थोराड सुपारी तिथं बसतच नाही. जग्वार म्हणजे अमेरिका खंडातला, बिबट्यासारखा दिसणारा मोठा मांजरकुळातला शिकारी. त्याच्या ताकदीचं इंगित जवळजवळ एवढंच आहे.

मराठवाड्यात बिबट्यालाही सर्रास वाघ म्हणतात, मग मोबाइलवर दिसणारा जग्वार बिबट्या ठरला तर नवल नाही. ओळख सोपी आहे. अंगावरच्या काळ्या कड्यांच्या आत पुन्हा ठिपके असतील तर जग्वार, कडी रिकामी असेल तर बिबट्या. खरा फरक मात्र डोक्यात. जग्वारचं डोकं रुंद, मान जाड, पाय बुटके आणि तोंड आखूड. तोंड आखूड म्हणजे सुळे जबड्याच्या बिजागरीजवळ. अडकित्त्यात हात सुपारीच्या पलीकडं असतो आणि जबड्यात स्नायू सुळ्यांच्या अलीकडं, पण हिशेब तोच: बिजागरीपासून दात जितका जवळ, तितका दाब जास्त.

पारावर 'सगळ्यात ताकदवान कोण' हा वाद निघतो तेव्हा हा हिशेब कुणी मांडत नाही. निव्वळ जोरात वाघच पुढं. भरलेला नर २०० किलोंच्या आसपास, आणि गवा पाडायची हिंमत त्याच्यातच. चालायला म्हणाल तर यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला वाघ थेट धाराशिवकडच्या येडशीच्या रामलिंग अभयारण्यात पोचला. जग्वार मध्य अमेरिकेत ५०-६० किलोंचा, ब्राझीलच्या पँतानाल या पाणथळ मुलखात मात्र नर १०० किलोंच्या वर जातो. पण किलोला किलो लावून पाहा. कवट्यांच्या मापांवरून काढलेली एक तुलना २००५ साली प्रसिद्ध झाली. तिच्यात देहाच्या मानाने चाव्याच्या जोराचा आकडा जग्वारचा १३७, वाघाचा १२७, सिंहाचा ११२ आणि बिबट्याचा ९४ निघाला.

तरी जबड्यापेक्षा बघण्यासारखी आहे ती चावण्याची जागा. वाघ, सिंह, बिबट्या मोठ्या जनावराचा गळा धरतात, श्वासनळी दाबतात आणि ते गार पडेपर्यंत सोडत नाहीत. चित्त्याला तर मिनिटामागून मिनिट नुसतं धरूनच बसावं लागतं. आखाड्यावर वासरू मेलेलं सापडलं की पंचनाम्याला आलेला माणूस म्हणूनच आधी गळा चाचपतो. सुळ्यांची भोकं गळ्यावर असतील आणि त्यांच्या आजूबाजूला कातड्याखाली रक्त साकळलं असेल तर चावा जिवंतपणीचा. भोकं आहेत पण रक्त साकळलेलं नाही, तर मेलेल्यावर कुणीतरी तोंड मारलंय. मांड्या आणि पोट फाटलेलं, चावे इकडंतिकडं विखुरलेले असतील तर बहुतेक वेळा कुत्री, नाव मात्र बिबट्याचं.

जग्वारही गुरांचा गळा धरतो, पण त्याची खासियत कवटी. कॅपिबारा हा शेळीएवढा उंदराच्या जातीचा प्राणी. त्याच्या दोन कानांच्या मधून जग्वार सुळे थेट मेंदूत उतरवतो. नदीकाठच्या केमन मगरीवर तो मागून येतो आणि डोकं जिथं मानेला जुळतं तिथं चावतो. मगरीचा गळा दाबून काय मिळणार? ती बराच वेळ श्वास रोखून धरते, तोवर पाण्यात ओढून नेईल. कासवाची तर ढालच तो फोडतो आणि भोकातून पंजाने मांस कोरून काढतो.

या कामात चूक परवडत नाही. नेम दोन बोटं चुकला तर सुळा जाड हाडावर आपटतो, आणि तुटलेला सुळा परत येत नाही. म्हणून तो लांब पाठलाग करत नाही, दबा धरून अगदी जवळ येतो आणि एकाच झेपेत काम उरकतो. आखूड तोंडाची किंमतही आहेच: जबडा फार रुंद उघडत नाही. खिळ्याजवळ थोराड सुपारी बसत नाही, तसंच.

शिकार पडल्यावर बिबट्या ती झाडावर चढवतो. जग्वार ती ओढत दाट झाडीत नेतो. वाघ बहुधा मागच्या मांड्यांपासून खायला लागतो, जग्वार मान आणि छातीपासून.