साक्रीची काळी लोकर आणि दादाची बंडी: काम कुठवर आलं

बंडी ११ इंच वर आलीय. अजून ४ इंच सरळ विणलं की बगला सोडायच्या. लोकर सगळी धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातली, ठेलारी मेंढपाळांच्या वाड्यावरून (म्हणजे मेंढरांसकट फिरत्या मुक्कामावरून) घेतलेली, घरी पिंजलेली आणि टकळीवर कातलेली. दुकानातला एकही गुंडा यात नाही. ही लोकर कुठून आणलीस आणि टोचत नाही का, असं बऱ्याच जणींनी विचारलं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

गेली दोन वर्षं मी निजामपूर-जैताण्याच्या आणि पिंपळनेरच्या बाजूला शेतांवर फिरतेय. शिवारात मेंढ्या दिसल्या की गाडी बांधाला लावायची आणि चालत जायचं. यंदा वाडा आमच्या माहेरच्याच शेतात उतरला. बाजरी निघाली होती, गहू पेरायचा होता, मधल्या दिवसांत दादानं तीन रात्री मेंढ्या बसवल्या. लेंडी आणि मूत जागच्या जागी मुरतं, त्याच्या बदल्यात वाड्याला धान्य आणि थोडे पैसे. पाऊस सरला की ही मंडळी मेंढरं घेऊन निघतात, कोंडाईबारीचा घाट उतरून पश्चिमेकडे जातात, ती थेट पुढच्या पावसाळ्यालाच परततात. त्यामुळे दसरा-दिवाळीच्या मधले दिवस मी वर्षभर धरून ठेवते.

मी पोचले तेव्हा दिवस कलला होता. घोड्यावरचं सामान उतरवलेलं, जाळीच्या आत कोकरं, चुलीवर चहा. मेंढरं आठवड्यापूर्वीच भादरलेली, अंगावर कातरीच्या ओळी अजून दिसत होत्या. लोकर गोणीत दाबून ठेवलेली. वाड्यावरच्या आजींनी विचारलं, "हाई लोकर लिसन काय करशी वं माय?" (ही लोकर घेऊन काय करशील गं?) मी पिशवीतून गेल्या वर्षी विणलेलं बसकर काढून दिलं. त्यांनी ते उलटं केलं, एक धागा चिमटीत धरून चोळला आणि म्हणाल्या, "पीळ कमी पडना." म्हणजे पीळ कमी पडलाय. मग माझीच टकळी घेतली आणि उभ्या उभ्या हातभर धागा काढून दाखवला. तो तुकडा मी वहीत चिकटवलाय. यंदाचा प्रत्येक धागा त्याच्याशी ताडून पाहिला. पुस्तकात वाचून मला पीळ कळला नव्हता, त्या हातभर धाग्यानं कळला.

वाड्यातले आप्पा सांगत होते, भादरायची मजुरीसुद्धा लोकरीतून सुटत नाही, बरीचशी बांधावरच टाकून द्यावी लागते. ऐकून फार वाईट वाटलं. मी किलोला १०० रुपये दिले, ३ किलो घेतली. ते नको नको म्हणत होते, पण मी ऐकलं नाही. तुम्हीही कुठे घेतलीत तर घासाघीस करू नका.

निवडताना तीन गोष्टी बघा. पाठीवर रंगाची खूण केलेली असते, ती लोकर बाजूला काढा, तो रंग धुतल्यावर जात नाही. पोटाची आणि पायाची लोकर घेऊच नका. कोकरांची पहिली लोकर मिळाली तर वेगळी बांधून घ्या, ती सगळ्यांत मऊ.

आता टोचण्याबद्दल. मऊ लोकरीसाठी प्रसिद्ध असलेल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १८ ते २४ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपल्या या दख्खनी मेंढीचा त्याच्या दुप्पट जाड धरा. गळ्याभोवतीचा मफलर हिचा होत नाही. पहिल्या वर्षी मी तो हट्ट केला आणि मुलीच्या मानेवर लाल चट्टे उठले. ही लोकर शर्टावरून घालायची. गव्हाला पाणी द्यायला लाइट बऱ्याचदा रात्रीची असते, आणि आमच्या धुळ्याकडे डिसेंबर-जानेवारीत पारा ५-६ अंशांवर येतो. दादा बारे (पाणी) देत रात्रभर ओल्या वाफ्यांत उभा असतो. त्याला घोंगडीची ऊब हवी आणि हात मोकळे हवेत, म्हणून बिनबाह्यांची बंडी.

सगळ्यांत जास्त वेळ खाल्ला तो कुसळांनी. कुसळ लोकरीत सरळ शिरतं आणि त्याचं टोक पुढे पुढेच जातं, ओढलं तर मोडतं. उजेडात लोकर दोन्ही हातांनी उकलायची, कुसळ ज्या दिशेनं घुसलंय त्याच दिशेनं बाहेर काढायचं. गोखरू त्या मानानं बरं, दिसतं तरी. आठ दुपारी गच्चीवर बसून निवडलं. बोटांना लोकरीचं तेल लागतं आणि वाड्याचा वास येतो. मला तो आवडतो.

धुताना रिठ्याचं कोमट पाणी, तीन वेळा. लोकर पाण्यात नुसती दाबायची, चोळायची नाही, आणि गरम पाण्यातून एकदम गार पाण्यात घालायची नाही. गेल्या वर्षी मी घाई केली आणि अर्धा किलोचा घट्ट गोळा झाला. यंदा ३ किलोची धुऊन-वाळून २ किलो १०० ग्रॅम उरली.

पिंजायला कुत्र्यांसाठी मिळतात ते तारेचे दोन ब्रश वापरले. त्यावरून लोकरीचे पेळू (सैल गुंडाळ्या) करून टकळीवर घेतले. एकेरी धागा उजव्या पिळाचा, दोन पदर एकत्र करताना डावा. काळ्या लोकरीची टोकं उन्हानं तांबूस झालेली असतात. कातल्यावर ती धाग्यात मधूनमधून उमटतात, बाजरीच्या कणसावरच्या रंगासारखी. रंगवायचा विचारच सोडून दिला.

आधी मापासाठी छोटा नमुना विणला, ५.५ मिमीच्या सुईवर. १० सेंटीमीटरला १५ टाके भरले होते, धुतल्यावर वीण पसरली आणि १४ झाले. म्हणून नमुना धुतल्याशिवाय मोजू नका. छाती ४४ इंच धरून १५६ टाके घातले, गोल सुईवर.

खालची पट्टी दोन सुलट दोन उलट घातली होती, ३ इंच विणून उसवली. या लोकरीला लवचीकपणा कमी, पट्टी आवळून बसतच नाही, सैल लोंबते. आता एक फेरी सुलट, एक फेरी उलट अशा दहा फेऱ्या आहेत. सपाट आणि मजबूत बसल्यात. पुढे बगलेला दोन्ही बाजूंनी ६-६ टाके बंद करणार. गळ्याच्या पट्टीला कोकराची लोकर राखून ठेवलीय, जेमतेम ८० ग्रॅम आहे. पुरली नाही तर पट्टी अरुंद करेन, टोचणारी काळी लोकर मात्र तिथे लावणार नाही.

गव्हाचं पहिलं पाणी झालं, दादानं ते जुनं स्वेटर घालूनच दिलं. दुसऱ्या पाण्याला अजून बारा-तेरा दिवस आहेत. रोज दोन तास बसले तर बंडी होते. आप्पांशी फोनवर बोलले, वाडा आता नवापूरच्या पुढे आहे. आजींनी निरोप दिलाय, बंडीचा फोटो पाठव आणि जवळून काढ, पीळ दिसला पाहिजे.